चौथ्या सीटवरचा दगड

माझ्या नवऱ्याने ऐनवेळी टांग दिली नसती तर त्या दगडाची भानगडच उद्भवली नसती. हे मी त्याला अजूनही ऐकवते, आणि तो अजूनही लॅपटॉपमध्ये तोंड घालून "हं" म्हणतो.

तिकिटं चौघांची काढलेली. मी, तो, आमची सतरा वर्षांची लेक आणि पुण्याहून आलेली माझी आई. हीथ्रोहून झुरिक, तिथून ट्रेन, दोन रात्री एका खेडेगावात, मधल्या दिवशी डोंगरावरच्या तळ्यापर्यंतचा ट्रेक. कुठेतरी फिरायला जाऊ म्हणून आईचा शेंगेन व्हिसा तर तिने येतानाच पुण्यातून काढून आणला होता. आणि आदल्या दिवशी दुपारी ब्रॅकनेलच्या ऑफिसातून नवऱ्याचा फोन. "अगं, प्रॉडक्शन बसलंय, सगळी सिस्टिम बंद. मला नाही निघता येणार. तुम्ही तिघी जा ना, मजा करा."

मजा करा म्हणे. कसलं डोंबलाचं प्रॉडक्शन! त्याला त्या तळ्याकाठी बसायचंच नव्हतं. कारण तिथे बसून आम्ही दोघं आईला सांगणार होतो की आम्ही पुण्याला परत येत नाही आहोत. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या नाही, कधीच नाही.

दोन वर्षांसाठी म्हणून आम्ही इंग्लंडात रीडिंगला आलो तेव्हा ही पोरगी जन्मलीसुद्धा नव्हती. बाबांनी तेवढ्यात पुण्यात त्यांच्या समोरचा फ्लॅट आमच्यासाठी घेऊन टाकला. दारासमोर दार. "आलात की हवा ना," म्हणाले. बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली, पण फ्लॅट तसाच आहे. आई दर शुक्रवारी कुलूप काढते, झाडते, फरशी पुसते, नळ सोडते, संध्याकाळी दिवा लावते आणि पुन्हा कुलूप घालून आपल्या घरी येते. मी एकुलती एक. त्यामुळे "तुझा भाऊ बघेल" म्हणायचीही सोय नाही.

यंदा ती रीडिंगला सहा महिने राहिली आणि सहा महिने त्या फ्लॅटसाठी खरेदी करत राहिली. उशांचे अभ्रे, एक जड तवा, मग जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून हिरवे पडदे, पण नवे कोरे. तिकडच्या खिडक्यांची मापं आईच्या तोंडपाठ. "तिकडे असलं कापड मिळत नाही गं." पुण्यात कापड मिळत नाही! मी म्हणणार काय, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण हे एक वाक्य सहा महिन्यांत बाहेर पडलं नाही. घरी तोंड उघडलं की कुकरची शिट्टी व्हायची, नाहीतर नवऱ्याची मीटिंग सुरू व्हायची, नाहीतर आईच म्हणायची, "थांब, जरा ही फोडणी देते."

म्हणून ते तळं. कॉव्हेंट्रीच्या एका मित्राने फोटो दाखवले होते. मोठ्या केबल कार नाहीत, गर्दी नाही. डोंगरावरच्या शेतकऱ्यांनी दूध, गवत आणि घरची माणसं वरखाली न्यायला लावलेले केबलवरचे छोटे डबे, चार माणसांचे, त्यातूनच आपणही जायचं. असे दोन डबे बदलायचे आणि मग थोडं चालायचं. नवरा म्हणाला, "तिथे शांतपणे सांगू. मी सांगतो वाटल्यास." वाटल्यास! पुढच्या गुरुवारी आईचं परतीचं विमान होतं. म्हणजे सांगायला हाच एक दिवस उरला होता, आणि सांगणारी एकटी मी.

सकाळी गेस्ट हाऊसच्या पायऱ्या उतरलो आणि आई थबकली.

"आपण तिघीच?"

"तिघीच. जावयांना काम आलंय, सांगितलं ना."

"तीन तिघाडा, काम बिघाडा. तिघींनी निघायचं नसतं."

"अगं आई, आपण काय कोणाचं लग्न ठरवायला चाललोय? बस सुटेल!"

पण ती पार्किंगच्या कडेला वाकलीसुद्धा. चांगला बटाट्याएवढा एक दगड उचलला, ओढणीने पुसला आणि कापडी पिशवीत पुऱ्यांच्या डब्याशेजारी ठेवला. "हा चौथा." लहानपणी आम्ही तिघं कुठे निघालो की आई सुपारी घ्यायची. परत आलं की ती आधी देवापुढे ठेवायची, मग चपला काढायच्या. बरोबर नेलं त्याला वाटेत टाकायचं नाही, घरी परत आणायचंच, हा तिचा नियम.

लेकीला हे सगळं भलतंच आवडलं. "आजी, तुझी दगड मी कॅरी करू?"

"तुझा दगड. आणि नको, मीच घेते. जावई आहे तो."

"बाबापेक्षा बरा आहे. फोन नाही बघत."

दोघी खिदळल्या. बस सुटली. पुढची बस येईपर्यंत मी थांब्यावर उभी राहून नवऱ्याला मनातल्या मनात जे जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिल्या केबल कारचं स्टेशन म्हणजे गवताच्या कोठाराला चिकटलेली पत्र्याची शेड. आत माणूस नाही, काणूस नाही. एक डबा लटकलेला, समोरासमोर दोन बाकं, प्रत्येकी दोन सीटा. भिंतीवर जुना फोन. तो उचलायचा, वरच्या शेतकऱ्याला किती जण आहोत ते सांगायचं, आत बसून दार लावायचं, मग तो वरून मशीन चालू करतो. लेकीने शाळेत जर्मन घेतलेलं, म्हणून तिला पुढे केलं. ती म्हणाली, "द्राय."

"किती सांगितलंस?" आई.

"तीन."

"चार सांग. चार सांग!"

"आई, गप्प बस. तिकडे माणूस लाईनवर आहे."

"मग सांग ना त्याला. मी नाही बसणार तिघींत."

पोरीने माझ्याकडे बघितलं, आजीकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाली, "फिअर." चार. आम्ही बसलो. चौथ्या सीटवर आईने पिशवीतून दगड काढून ठेवला. डबा झुलत निघाला. खाली दरी, त्यात खेळण्यातली असावीत तशी घरं. मी डोळे मिटून घेतले, तर आई म्हणते, "पुरी खातेस? लसणाची चटणी आहे." त्या एवढ्याशा डब्यात लसणाची चटणी! काच उघडेना.

वर पोचलो तर शेतकरी दाराशी उभा. त्याने आम्हाला उतरवलं, आत डोकावला, पुन्हा आम्हाला मोजलं. मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. तो कठड्यापर्यंत धावला आणि केबलच्या खाली दरीत वाकून बघायला लागला. बिचाऱ्याला वाटलं, चौथं माणूस वाटेत पडलं! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लेक जर्मनमध्ये काहीतरी अडखळत सांगतेय, मी इंग्लिशमध्ये "नो नो, सॉरी, ऑल ओके" करतेय, आणि आई शांतपणे पुढे झाली, दगड तळहातावर धरला आणि त्याच्या नाकासमोर नेला. "हा चौथा. हा." मराठीत. त्याने दगड बघितला, आईला बघितलं, आणि तिकिटाचे पैसे तिघींचेच घेतले.

"बघितलंस? समजलं त्याला," आई म्हणाली.

"त्याला वाटलं असेल, यांना वेड लागलंय!"

"वाटू दे की."

तिथून दुसऱ्या डब्यापर्यंत कुरणातून चालत जायचं होतं. मी ठरवलं, इथेच सांगून टाकू, तळंबिळं मरू दे. लेक पुढे गेली होती. मी घसा साफ केला. "आई, मला तुझ्याशी जरा बोलायचंय."

"बोल की. अगं, पण हे गवत बघ आधी. त्या पडद्यांचा रंग अगदी हाच. हॉलला लावावेत की तुमच्या बेडरूमला?"

मी म्हटलं, "हॉलला."

काय करणार! थोडं चाललो की ती थांबायची. गाईच्या गळ्यातली घंटा बघायला थांबली, मग गुडघा धरून एका ओंडक्यावर बसली. मग समोरून आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला तिने नमस्कार केला, त्यांनीही हात जोडले, आणि तिघंही आपापल्या भाषेत हवेबद्दल बोलले. मी आपली घड्याळ बघत उभी. दुसऱ्या शेडपाशी पोचलो तर दारावर पाटी. लेकीने वाचून सांगितलं, जेवायची सुट्टी. शेतकऱ्यांची जेवायची सुट्टी! आम्ही पत्र्याच्या सावलीत बसून उरलेल्या पुऱ्या खाल्ल्या. मी पुन्हा एकदा "आई" म्हटलं, तर ती दगडाला टेकून डुलकी काढत होती. खरंच दगडाला. उशाला घेतला होता, पिशवीसकट.

माझं डोकं नुसतं तापलं होतं. आईवर, नवऱ्यावर, त्या गाईंवर, बाबांवरसुद्धा. कोणी सांगितला होता फ्लॅट घ्यायला?

शेवटी फोन लागला. यावेळी लेकीने आपण होऊनच "चार" सांगितलं आणि वर, एक जण दगड आहे, असंही सांगितलं असावं, कारण पलीकडून बाईच्या हसण्याचा आवाज आला. हा डबा आधीच्याहून लहान. आमचे गुडघे गुडघ्यांना लागलेले. माझ्या शेजारी लेक, समोर आई, तिच्या शेजारी दगड.

अर्ध्यावर गेलो आणि डबा थांबला.

नुसता थांबला. वारा आला की हलायचा आणि वरच्या चाकाचा कर्रकर्र आवाज यायचा. खाली बघायची माझी हिंमत नव्हती. लेक म्हणाली, "होईल चालू," पण तिने माझा हात धरला. आणि आईचं मात्र सुरूच. "तुम्ही आलात ना, की हिचं टेबल पूर्वेच्या खिडकीशी टाकू. उजेड चांगला येतो. तिथे मी एक कुंडी ठेवलीये. शेजारच्या खोलीत तुझे सासू-सासरे आले की..."

"आम्ही येणार नाही आहोत, आई!"

मी ओरडलेच. त्या डब्यात आवाज केवढा घुमला!

"येणारच नाही. तिथे कोणी राहायला येणार नाहीये. टेबल नको, पडदे नको, काही नको. आमचं ठरलंय. हिची युनिव्हर्सिटी इथेच, आमचं घर इथेच. किती वर्षं झाली, तुला कळत कसं नाही? का दर वेळी आमच्या गळ्यात तो फ्लॅट बांधतेस?"

असं नव्हतं सांगायचं मला. सहा महिने शब्द जुळवत होते, हळू, हात हातात घेऊन सांगायचं होतं. आणि सांगितलं ते असं, दोरीला लटकून, तिच्यावर खेकसून. तिला उठून दुसऱ्या खोलीत जायचीही सोय नव्हती.

"मम्मा, सिरियसली? इथे?" लेक पुटपुटली.

आईने आधी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. वाऱ्याने डबा कलला आणि दगड सीटवरून घरंगळायला लागला, तेव्हा तिने तो हाताने धरला आणि हात तसाच त्याच्यावर ठेवला. खालून घंटांचा आवाज येत होता. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं.

मग धक्का बसून डबा चालू झाला. वर शेतकरीण कमरेवर हात ठेवून हसत उभी होती. लेकीने भाषांतर केलं: वासरू सुटलं होतं, ते धरायला ती मशीन बंद करून गेली होती. वासरू! माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य एका वासरामुळे बाहेर पडलं होतं, आणि ते समोर उभं राहून दोर चघळत होतं.

पुढे तळ्यापर्यंत चढ होता. दिवसभर गुडघे धरून बसणारी माझी आई पिशवी खांद्याला लावून पुढे निघाली ती मागे वळून न बघता. "आई, हळू. आई, थांब जरा." नाही थांबली. मीच धापा टाकत मागे.

तळं फोटोतल्यासारखंच होतं. हिरवं, गारठलेलं, पलीकडच्या कड्याखाली बर्फाचा एक मळका तुकडा. सुंदर होतं, आणि मला ते बघवेना. आईने पिशवी खाली ठेवली, स्पोर्ट्स शूज काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले आणि घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. मी काठावर बसले. खूप वेळाने ती पाठमोरीच बोलली.

"मला राग आलाय."

"मला माहितीये. मी असं ओरडायला नको होतं."

"ओरडलीस त्याचा नाही. येणार नाही त्याचाही नाही. एवढं काय मला दिसत नाही? पण मला वाटायचं, तू म्हणत नाहीस म्हणजे अजून नक्की नसेल." ती वळली. डोळे लाल झालेले. "आधी सांगितलं असतंस तर माझे गुडघे तरी वाचले असते. ओणवं होऊन पुसते गं मी ती फरशी. दर शुक्रवारी. कोणासाठी पुसते?"

मला रडू फुटलं.

तेवढ्यात धप्प असा मोठा आवाज झाला. बघते तर लेक पलीकडच्या खडकावर उभी, पाण्यात वर्तुळं, आणि तिच्या पायाशी आईची कापडी पिशवी, आत नुसता पुऱ्यांचा डबा. पोरगी हात जोडून मोठ्यांदा ओरडली, "गणपती बाप्पा मोरया! पुढच्या वर्षी लवकर या!"

"अगं ए! काय टाकलंस?" मी किंचाळले.

"आजीची दगड. विसर्जन केली."

"कोणी सांगितलं होतं तुला? अक्कल आहे का? तो परत न्यायचा असतो!"

तिचा चेहरा एवढासा झाला. "मला काय माहीत? बाप्पालाही आपण घेऊन जातो, मग पाण्यात ठेवतो, मग घरी येतो ना? मला वाटलं, आजी सॅड आहे, तर तिला बरं वाटेल." रीडिंगच्या कम्युनिटी हॉलमध्ये प्लास्टिकच्या टबात होणारं विसर्जन बघत वाढलेली पोर. बरोबर नेलेल्याचं शेवटी काय करतात, एवढंच तिला ठाऊक. दोष तिचा नव्हता, पण मला कोणावर तरी ओरडायचंच होतं, आणि मी ओरडत राहिले.

"पुरे," आई म्हणाली.

ती पाण्यातून बाहेर आली, ओढणीने पाय पुसले, मोजे चढवले. मग नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. "असू दे. त्याला इथेच राहायचं असेल. पुढच्या वर्षी लवकर या म्हटलंस ना, बास. म्हणायचं असतं तेवढं."

"दुसरा दगड घेऊ?" मी विचारलं. काठावर दगडच दगड होते.

"नको."

"पण मग तिघीच. तीन तिघाडा..."

"बिघडायचं ते वर येतानाच बिघडलंय. चल, शेवटचा डबा चुकेल."

उतरताना लेकीने फोनवर तीन सांगितलं आणि आईने नुसतं दार लावून घेतलं. रिकाम्या सीटवर तिने पिशवीसुद्धा ठेवली नाही, मांडीवर घेऊन बसली.

गुरुवारी तिला हीथ्रोला सोडलं. पडदे बॅगेत होते. मी म्हटलं, "राहू देत की इथे, वजन होईल." म्हणाली, "मापाने घेतलेत ते. तुझ्या खिडक्यांना नाही बसणार." मिठी मारली, विमानतळाच्या व्हीलचेअरमध्ये बसली आणि गेली. नवरा पार्किंगमध्ये म्हणाला, "बघ, बरं झालं ना सांगून टाकलं ते?" मी रीडिंग येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

नंतर तीनेक आठवडे आईचे फोन नेहमीसारखे. हवा, गुडघे, कामवालीच्या दांड्या. फ्लॅटचं नाव नाही. मीही विषय काढला नाही. मग एका रविवारी सकाळी फोन आला आणि तिच्या मागे कपाट ओढल्याचे, कोणीतरी बोलल्याचे आवाज येत होते.

"कोण आलंय गं?"

"समोरचा फ्लॅट भाड्याने दिला. आज आले राहायला. बरी माणसं आहेत. नवरा, बायको आणि एक मुलगी. पडदे अगदी बरोबर बसले."

"अगं, मला सांगायचं तरी."

"सांगतेय की." मग तिचा आवाज जरा खाली आला. "सकाळी दार उघडून दिलं, तर तिघंच उंबऱ्याशी उभे. आत पाय टाकणार तेवढ्यात मी ओरडले, थांबा, थांबा, तिघांनी नका जाऊ. मी येते चौथी."

मी "बरं केलंस" म्हटलं. ती म्हणाली, "ठेवते आता. आज ती तिघं माझ्याकडे जेवायला आहेत."